ट्रान्झिस्टरचा कार्यबिंदू

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९४७ साली जन्मलेला ट्रान्झिस्टर आमच्या सिंधीपुऱ्यात आला तो रेडिओच्या रूपाने. त्या ओढीने विद्यार्थिदशेत मी एक ध्वनिप्रवर्धक जुळविला. माघात तो स्वच्छ बोलला; वैशाखात पारा चाळिशीपार जाताच आवाज फाटू लागला. दोष माझ्या बायसिंगचा होता.

सिलिकॉन ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटरमध्ये सुमारे ०.६ व्होल्ट मिळेपर्यंत प्रवाह जवळजवळ वाहत नाही. ही खंडित अवस्था. बेसचा प्रवाह फार वाढला, की कलेक्टर-एमिटर दाब ०.२ व्होल्टच्या आसपास उतरतो; ही संपृक्त अवस्था. स्विचला ही दोन टोके पुरतात. प्रवर्धनास मात्र मधला सक्रिय प्रदेशच हवा. तेथे बेसमधील अल्प बदल कलेक्टरमध्ये अनेकपट होऊन उमटतो.

मी बेसला एकच रोधक जोडला होता. उष्णतेने ट्रान्झिस्टरचा प्रवाहगुणक वाढला, कार्यबिंदू संपृक्ततेकडे सरकला आणि ध्वनिलहरीची एक बाजू छाटली गेली. पुढे बेसला दोन रोधकांचा विभाजक व एमिटरला एक रोधक दिला. आता प्रवाह वाढला, की एमिटरचा दाब चढतो, बेस-एमिटर दाब घटतो आणि प्रवाह आपोआप आवरतो.

एमिटरचा रोधक थोडे प्रवर्धन खातो, हे खरे. पण ऋतू पालटला तरी आवाज पालटत नाही.