खळ्यातला जनरेटर

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडात दिवेआगरजवळ किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या सगळ्या पट्ट्यातली लाईट एका दुपारीत गेली. खांब आडवे झाले, तारा माड-पोफळींखाली गाडल्या गेल्या. महावितरणची माणसं बाहेरच्या जिल्ह्यांतून येऊन राबली, तरी आतल्या वाड्यांवर वीज पोचायला कित्येक आठवडे लागले. विहिरी भरलेल्या होत्या, पण पंप बंद होते. ज्याच्या खळ्यात पेट्रोलवरचा छोटा जनरेटर चालत होता, त्याच्याकडे आजूबाजूची माणसं मोबाइल आणि चार्जर घेऊन येत होती. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला लागून वर सरकलं आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीत पुन्हा तेच झालं.

अशा वादळानंतर जनरेटर घ्यायला लोक धावतात. तो दहा-पंधरा वर्षं चालता ठेवणारे मात्र थोडे. लाईट गेल्यावर मिस्त्रीकडे येणारे घरगुती जनरेटर बहुतेक वेळा चालून झिजलेले नसतात, ते न चालता अडकलेले असतात. घरच्या जनरेटरची सगळी काळजी या एका गोष्टीभोवती फिरते.

यंत्र साधंच आहे. दीडशे-दोनशे सीसीचं, एका सिलिंडरचं, फोर स्ट्रोक इंजिन. त्याच्याच शाफ्टवर बसवलेला अल्टरनेटर. वर टाकी, भोवती पाइपची चौकट. दोन केव्हीएचं यंत्र दोघांनी सहज उचलून आतबाहेर करावं एवढंच जड. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे फिरलं की सेकंदाला ५० आवर्तनांची वीज मिळते. फेरे घसरले की फ्रीक्वेन्सी घसरते आणि पंपाची मोटर तापू लागते. म्हणून कार्ब्युरेटरला जोडलेला गव्हर्नर लोड वाढताच इंजिनाला जास्त पेट्रोल देतो. पंप चालू केल्यावर इंजिन क्षणभर दबतं आणि पुन्हा सावरतं, तो आवाज या गव्हर्नरच्या कामाचा.

होंडाने १९६५ मध्ये ई-३०० नावाचा हातात उचलून नेता येणारा जनरेटर आणला आणि या जातीच्या यंत्राला घराची वाट मिळाली. भारतात १९८५ साली श्रीराम समूह आणि होंडा यांची भागीदारी झाली, रुद्रपूरला कारखाना उभा राहिला. लग्नाची कार्यालयं, गणपतीचे मांडव, झेरॉक्सची दुकानं, दवाखाने यांच्या दाराशी हे यंत्र आलं. रॉकेलवर चालणारी यंत्रंही तेव्हा खूप होती. ती पेट्रोलवर सुरू करायची, इंजिन तापलं की कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायची आणि बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणायची. शेवटचा टप्पा विसरला की कार्ब्युरेटरमध्ये रॉकेल राही आणि दुसऱ्या दिवशी दोरी ओढून हात दुखत. २००५ नंतरच्या भारनियमनात खेड्यांत दिवसाचे बारा-बारा तास लाईट नसे, तेव्हा ही यंत्रं रोज धडधडत होती. रोज चालत होती म्हणूनच टिकलीही. पुढे लोडशेडिंग आटलं, घरोघरी इन्व्हर्टर-बॅटरी आली आणि जनरेटर कोपऱ्यात गेला. त्याचे खरे हाल तिथून सुरू झाले.

पडून राहिलेल्या यंत्रात पहिलं बिघडतं ते पेट्रोल. त्यातला हलका अंश उडून जातो, उरलेल्याचा चिकट, पिवळसर थर कार्ब्युरेटरच्या बाऊलमध्ये आणि जेटमध्ये बसतो. जेटचं भोक मुळातच केसाएवढं, ते बुजलं की इंजिन पकडत नाही, आणि पकडलंच तर मिसिंग करतं. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. कोकणातल्या जुलै-ऑगस्टची हवा या पेट्रोलला कशी मानवेल ते सांगायला नको. पाणी पुरेसं साचलं की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी जातो, आणि इंजिनाकडे जाणारी नळी तळाशीच असते. जुन्या यंत्रांतल्या रबरी नळ्या आणि वॉशरही या इंधनाने फुगतात, तडकतात.

पेट्रोलपुरते उपाय दोन आहेत. दर वेळी बंद करताना स्विच न दाबता पेट्रोलचा कॉक बंद करायचा आणि इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यायचं, म्हणजे बाऊल रिकामा होतो. आणि दोन-तीन महिने गरज पडणार नसेल तर टाकीही रिकामी करून ते पेट्रोल स्कूटरमध्ये घालायचं. ताजं पेट्रोल वादळाची सूचना आल्यावर आणता येतं. घरी किती ठेवायचं यालाही मर्यादा आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंतच साठा चालतो. माझं मत विचाराल तर घरात पाच-दहा लिटरच्या वर नको, आणि तेही धातूच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, चुलीपासून आणि देवघरातल्या दिव्यापासून लांब.

बिघडणारी दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. अल्टरनेटरच्या लोखंडात थोडंसं चुंबकत्व मागे उरलेलं असतं. इंजिन फिरू लागलं की त्या उरलेल्या चुंबकत्वातून किंचित वीज निघते, ती कॉइलला मिळून चुंबक बळावतो आणि क्षणात पूर्ण दाब तयार होतो. यंत्राने स्वतःच्याच बळावर उभं राहण्याचं हे तत्त्व वेर्नर सीमेन्सने १८६७ च्या जानेवारीत बर्लिनच्या विज्ञान अकादमीपुढे मांडलं. इंग्लंडमध्ये व्हीटस्टन आणि व्हार्ली यांनाही ते त्याच सुमारास सापडलं होतं. आपल्या पडवीखालचं यंत्र आजही त्याच तत्त्वावर उभं आहे. पण वर्षानुवर्षं न फिरलेल्या यंत्रातलं हे चुंबकत्व विरत जातं. मग इंजिन मस्त चालतं आणि करंट मात्र काढत नाही. जाणता मिस्त्री बारा व्होल्टच्या बॅटरीने कॉइलला क्षणभर वीज देऊन ते परत जागवतो. अनेकांनी याच लक्षणावर चांगली यंत्रं भंगारात दिली आहेत, याचं वाईट वाटतं.

या दोन्ही दुखण्यांवर औषध एकच: महिन्यातून एकदा वीस मिनिटं, तेही लोड देऊन. नुसतं रिकामं फिरवलं तर इंजिन नीट तापत नाही, ऑइलमधला ओलावा उडत नाही आणि प्लगवर काजळी धरते. इस्त्री किंवा पाचशे वॅटचा हॅलोजन लावावा, फार उत्तम. चालून झाल्यावर दोरी हळू ओढत न्यावी आणि जिथे जड लागते तिथे थांबावं. तिथे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, त्यामुळे खारी हवा सिलिंडरमध्ये शिरत नाही. सायलेन्सरच्या तोंडाशी जाळी तपासावी. कुंभारमाशीला असं भोक आयतंच घर वाटतं.

ऑइलच्या बाबतीत कंजुषी करू नये. या इंजिनांत ऑइल सहाशे मिलीच्या आसपास मावतं आणि बहुतेकांना ऑइल फिल्टर नसतो, म्हणजे झिजेतली सगळी कणी त्याच ऑइलमध्ये फिरत राहते. नव्या यंत्राचं पहिलं ऑइल वीस तासांनी बदलायचं, पुढे दर शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी. तास मोजायला यंत्रावर मीटर नसला तर एक वही दोरीने बांधून ठेवावी. वादळानंतर दिवसाचे आठ तास चालवलं तर शंभर तास दोन आठवड्यांत भरतात, आणि नेमकं तेव्हाच ऑइलची आठवण कुणाला होत नाही.

लोडचा हिशेब बहुतेक पंपापाशी चुकतो. एक एचपीची मोटर चालताना हजार वॅटच्या आसपास घेते, पण सुरू होताना त्याच्या कित्येक पट मागते. दोन केव्हीएचं यंत्र तिथे गुदमरतं. अर्ध्या एचपीचा पंप चालतो, तोही सर्वांत आधी लावावा आणि बाकीचं मागून. माझ्या मते चांगली रीत ही: सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर. तेवढ्यात वरची टाकी भरते, फ्रिज थंड होतो, मोबाइल आणि इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होते. रात्रीचे दिवे-पंखे बॅटरीवर. दिवसभर धडधडवणं परवडतही नाही. लिटरमागे दीड-दोन युनिट धरले तर शंभर रुपये लिटरच्या पेट्रोलने एका युनिटला पन्नास ते सदुसष्ट रुपये पडतात.

आता दोन गोष्टी, ज्यांत तडजोड नाही. जनरेटर पावसात भिजू नये म्हणून पडवीत, जिन्याखाली किंवा गॅलरीत चालवला जातो. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. खिडकी उघडी ठेवून भागत नाही. यंत्र खळ्यात, घरापासून वीस फूट तरी लांब, धुराचं तोंड घराकडे पाठ करून. वर चारही बाजूंनी मोकळं पत्र्याचं छप्पर. डोकं दुखू लागलं, मळमळलं, तर आधी माणसांना बाहेर काढायचं.

दुसरी गोष्ट दोन्ही टोकांना पिन असलेल्या वायरीची. ती भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसून सगळं घर उजळवणारे गावोगावी आहेत. मेन स्विच चुकून चालू राहिला तर ती वीज मीटरमधून उलटी डीपीकडे जाते, आणि डीपीतला ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे ११,००० व्होल्ट करून तारेत सोडतो. त्या तारेवर तुमचीच लाईट जोडायला वायरमन चढलेला असतो. चेंजओव्हर स्विचला दोन-तीन हजारांच्या आत-बाहेर खर्च येतो, परवानाधारक इलेक्ट्रिशियन तो अर्ध्या दिवसात बसवतो, आणि मग जनरेटर आणि महावितरणची लाईन कधी एकत्र येऊच शकत नाहीत. हा स्विच बसवल्याशिवाय घराला जनरेटर जोडणं मला गुन्हा वाटतो.

महिन्याची वीस मिनिटं देणं जमणार नसेल तर जनरेटर घेऊ नका. मोठी बॅटरी आणि छपरावर सोलर पॅनल तुमच्या घराला जास्त उपयोगी पडतील. आधीच घेतला असेल तर येत्या मेच्या शेवटच्या आठवड्यात तो बाहेर काढा, जुनं पेट्रोल ओतून टाका, ऑइल बदला आणि लोड देऊन चालवून बघा. एक सुटा प्लग, प्लगपाना, लिटरभर ऑइल आणि दोरी यंत्राशेजारीच ठेवा. वादळानंतर बाजारातली दुकानंही बंद असतात.