विसंगत फ्लॉपी-स्वरूपांमधील माहितीचे स्थानांतर : बी.बी.सी. मायक्रोच्या संदर्भात

1984 साली केंद्र शासनाने ‘क्लास’ हा शालेय संगणक साक्षरता प्रकल्प हाती घेतला. त्यासाठी ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीचा बी.बी.सी. मायक्रो हा संगणक निवडण्यात आला. पुढे शिक्षणसंस्थांत आय.बी.एम. पी.सी. धर्तीचे संगणक रूढ झाले. दोन्हींवर सव्वापाच इंची फ्लॉपी वापरली जाई. एकाची फ्लॉपी दुसऱ्याच्या ड्राइव्हमध्ये सहज बसे. वाचली मात्र जात नसे.

याचे कारण आकारात नसून लेखनपद्धतीत आहे. बी.बी.सी. मायक्रोची मूळ डिस्क-प्रणाली ‘एफ.एम.’ या एकेरी घनतेच्या पद्धतीने लिहीत असे. तीत प्रत्येक बिटासोबत एक कालस्पंद नोंदला जातो. त्यामुळे एका ट्रॅकवर 256 बाइटांचे 10 सेक्टरच मावतात. 40 ट्रॅकच्या एका बाजूवर 1,02,400 बाइट. पी.सी.च्या ‘एम.एफ.एम.’ पद्धतीत बहुतेक कालस्पंद गाळले जातात व त्याच ट्रॅकवर 512 बाइटांचे 9 सेक्टर बसतात. पी.सी.मधील अनेक फ्लॉपी-नियंत्रकांना एफ.एम. लेखन वाचताच येत नाही. तेथे सॉफ्टवेअर बदलून उपयोग नाही. फाइलींच्या सूचीची रचनाही भिन्न आहे, पण तो अडथळा त्या मानाने किरकोळ.

खात्रीचा मार्ग फ्लॉपीला वळसा घालणारा आहे. जुने यंत्र चालू असेल, तर त्याचे आर.एस.-423 पोर्ट पी.सी.च्या सिरियल पोर्टला केबलने जोडावे, दोन्हीकडे वेग सारखा ठेवावा आणि ‘कर्मिट’सारख्या प्रोग्रामने फाइली पाठवाव्यात. बेसिकमधील प्रोग्राम सांकेतिक रूपात साठवलेले असतात. ते आधी ‘स्पूल’ आज्ञेने साध्या मजकुरात उतरवावे लागतात. म्हणूनच फ्लॉप्या जपून ठेवून यंत्र तेवढे भंगारात काढणे हा उलटा व्यवहार ठरतो. यंत्र उरलेच नसेल, तर ‘ग्रीसवीझल’सारखे उपकरण ड्राइव्हला जोडून चकतीवरील चुंबकीय स्पंद जसेच्या तसे टिपता येतात, त्यांचा अर्थ नंतर सॉफ्टवेअरद्वारे लावला जातो.

एक धोका पी.सी.च्या दोन पिढ्यांमध्येही आहे. 1.2 मेगाबाइट ड्राइव्हचे हेड अरुंद असते. 360 किलोबाइट ड्राइव्हवर आधी लिहिलेल्या फ्लॉपीवर त्याने पुन्हा लेखन केल्यास ट्रॅकच्या कडांना जुने लेखन शिल्लक राहते आणि मूळच्या रुंद हेडला दोन्ही एकदम ‘ऐकू’ येतात. अशा फ्लॉपीच्या कडेची खाच चिकटपट्टीने झाकूनच ती ड्राइव्हमध्ये घालावी; मग तीवर लेखन होत नाही.