शिक्षक बदलले की वर्ग पुन्हा गप्प होतो

रत्नागिरी-रायगडच्या किनारपट्टीवरची कितीतरी मुले उर्दू शाळेत पहिलीला बसतात तेव्हा त्यांना उर्दू येत नसते. ही गोष्ट आपण सहसा बोलून दाखवत नाही. आपण मुसलमान, म्हणजे आपली भाषा उर्दू, असे बाहेरचे लोक धरून चालतात आणि हळूहळू आपणही तसेच म्हणू लागतो. प्रत्यक्षात घरात कोकणी असते, बाजारात आणि एसटीत मराठी. बांगडा, सुरमई, बोंबील नावानिशी ओळखणारे पोर पुस्तकात 'मछली' बघते आणि ही कुठली म्हणून विचारात पडते.

घरी जी भाषा नाही त्या भाषेतूनच सगळे विषय शिकवायचे, या पद्धतीचा जगभर अभ्यास झाला आहे. १९६५ मध्ये कॅनडातल्या सेंट लँबर्ट गावी इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी हट्टाने मुलांना फ्रेंचमधून शिकवायला लावले, तेव्हापासून अशा शाळांची चर्चा सुरू झाली. आपल्या कोकणातल्या उर्दू शाळा त्याच जातीच्या आहेत. फक्त त्यांना कोणी तसे नाव दिले नाही आणि म्हणून त्यांची अडचणही कोणी तशी ओळखली नाही.

अडचण अशी. अशा वर्गात मूल पहिले काही महिने बोलतच नाही. ऐकते, समजू लागते, पण उत्तर कोकणीत देते किंवा देतच नाही. ही गप्प राहण्याची पायरी सगळीकडे दिसते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र कोणते मूल समजून गप्प आहे आणि कोणते न समजून, हे फक्त रोज समोर उभ्या राहणाऱ्या शिक्षकाला कळते. ते हजेरीपटावर लिहिलेले नसते. जिम कमिन्स या कॅनडातल्या अभ्यासकाने दाखवून दिले की, नव्या भाषेत गप्पा मारण्याइतपत तयारी साधारण दोन वर्षांत होते, पण त्या भाषेत गणिताचे उदाहरण समजून घेण्याची, भूगोल लिहिण्याची तयारी व्हायला पाच ते सात वर्षे लागतात. म्हणजे अख्खी प्राथमिक शाळा. आता या हिशेबात दर दोन-तीन वर्षांनी होणारी बदली बसवून पाहा.

कोकणातल्या जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळांत शिकवणारे बरेच शिक्षक मालेगाव, जळगाव, मराठवाडा, विदर्भ इथून येतात. भरती राज्यभराच्या गुणवत्ता यादीवर होते, जागा जिथे रिकामी तिथे नेमणूक मिळते. आल्यावर सुरुवातीची तीन वर्षे 'शिक्षण सेवक' म्हणून मानधनावर काढायची. हे मानधन प्राथमिकला २०२३ पर्यंत महिना सहा हजार होते, मग सोळा हजार झाले. सहा हजारांत परक्या गावी खोली, जेवण आणि सुट्टीत घरी जायचे गाडीभाडे कसे भागत असेल? कायम झाले की माणूस आंतरजिल्हा बदलीचा अर्ज भरतो. त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. त्यालाही म्हातारे अम्मी-अब्बा आहेत, लेकरांची शाळा आहे.

त्याची जागा मात्र लवकर भरत नाही. शिक्षक अभियोग्यता परीक्षा डिसेंबर २०१७ मध्ये झाली, त्यानंतरची थेट २०२३ च्या सुरुवातीला. मधल्या काळात जे गेले ते गेले. शिवाय उर्दू माध्यमात राखीव जागांसाठी त्या प्रवर्गातले उर्दू शिकलेले उमेदवार मिळत नाहीत आणि त्या जागा तशाच पडून राहतात, ही तक्रार जुनी आहे. शिक्षण हक्क कायदा सांगतो की, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून जास्त जागा रिकाम्या असू नयेत. तीन शिक्षकांच्या शाळेतला एक गेला तर किती टक्के होतात, ते चौथीचे मूलही सांगेल.

मुख्याध्यापकाचे तर विचारूच नका. कायद्याच्या कोष्टकात प्राथमिक शाळेला वेगळा मुख्याध्यापक दीडशेहून जास्त मुले असतील तरच आहे. आपल्या वाडी-मोहल्ल्यातल्या किती उर्दू शाळांत दीडशे मुले आहेत? म्हणून सर्वांत जुना शिक्षकच 'प्रभारी' होतो. पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती, तालुक्याच्या सभा, सगळा पत्रव्यवहार मराठीत. तो गेला की कालच आलेल्या माणसाच्या हाती चार्ज येतो. चार्ज म्हणजे किल्ल्या, धनादेश पुस्तक, जडसंग्रह नोंदवही, पातेली आणि ताटे मोजून घेणे. मागच्या बाकावरचा मुलगा कोकणीत विचारले की बरोबर उत्तर देतो, ही माहिती कोणत्याच चार्जमध्ये येत नाही. आम्हाला वाटते, नुकसान इथेच होते.

या बाबतीत आमच्या डोळ्यांसमोर हवाई बेटांची एक हकीकत आहे. तिथे १८९६ च्या कायद्याने शाळांत इंग्रजी सक्तीची झाली आणि हवाईयन भाषा पुढच्या दोन-तीन पिढ्यांत मरणाला टेकली. १९७८ मध्ये राज्यघटनेत तिला राजभाषा केले. मग पालकांनीच पुढाकार घेऊन १९८४ मध्ये बालवाडी काढली आणि १९८७ पासून सरकारी शाळांत हवाईयन माध्यमाचे वर्ग सुरू झाले. वर्ग निघाले, पण शिक्षक कुठून आणायचे? भाषाच जिथे थोड्यांना येते तिथे ती शिकवणारे आणखी थोडे.

लानाई नावाच्या लहानशा बेटावर सरकारी शाळा एकच. तिथे राहायला आलेल्या एका आईच्या दोन मुली आधी हवाईयन माध्यमात शिकत होत्या. इथे तो वर्गच नव्हता. सरकार म्हणाले, आम्ही प्रयत्न केला, शिक्षक मिळत नाही. बाई कोर्टात गेल्या. २०१९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने निकाल दिला की, या शिक्षणाची सोय करण्यासाठी सर्व वाजवी प्रयत्न करणे राज्यावर बंधनकारक आहे. शिक्षकाला जादा पैसे द्या, एकाच्या जागी आळीपाळीने अनेक शिक्षक पाठवा, मुलांना दुसऱ्या ठिकाणच्या वर्गाला नेण्या-आणण्याची सोय करा, असे मार्गही कोर्टाने सुचवले. पुढच्याच वर्षापासून तिथे हवाईयन माध्यमाच्या शिक्षकांना वर्षाला आठ हजार डॉलर जादा मिळू लागले. तुटवडा त्याने संपला असे नाही. पण 'शिक्षक मिळत नाही' हे उत्तर म्हणून चालेनासे झाले.

आपल्याकडे हे उत्तर अजून चालते, कारण आपण ते ऐकून परत येतो.

कोर्टात जाण्याआधी करण्याजोगे बरेच आहे. कोकणात बंद घरांची उणीव नाही. घरातली माणसे दुबई-कुवेतला, किल्ली शेजाऱ्याकडे. त्यातले एक घर जमातीने शिक्षकाच्या कुटुंबासाठी दिले तर बदलीचा अर्ज थोडा उशिरा भरला जाईल. गावातल्या बारावी झालेल्या मुलींना उर्दूतून डी.एल.एड. करायला जमातीने फी द्यावी. नेमणूक गावातच मिळेल याची हमी नाही हे खरे, पण जिल्ह्यात कोकणी समजणारे शिक्षक वाढतील आणि ते घरच्या वाटेला लागण्यासाठी धडपडणार नाहीत, कारण घर इथेच असेल.

दुसरे, शाळा व्यवस्थापन समिती. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. आपल्याकडे या स्त्रियांच्या सह्या घरी जाऊन आणल्या जातात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनी सभेला जावे. जाणाऱ्या शिक्षकाने किल्ल्यांबरोबर प्रत्येक मुलामागे चार ओळी लिहिलेली एक वही नव्या शिक्षकाला द्यावी, असा ठराव समिती करू शकते. त्याला पैसा लागत नाही. रिकाम्या जागेबद्दल दर सभेत ठराव लिहून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पोच घेऊन द्यावा. तोंडी सांगितलेले कार्यालयात राहत नाही, आवक क्रमांक पडलेला कागद राहतो.

आणि नवीन मॅडम आल्या की पहिल्या आठवड्यात एखाद्या आईने वर्गात जाऊन बसावे. कोण काय म्हणतोय, ते कोकणीतून उर्दूत सांगायला.