फोटोतला चेहरा आपलाच हवा

आमच्या शेजारच्या घरातला प्रसंग आहे. घरातली आजी वारली. भिंतीवर लावायला मोठा फोटो करायचा म्हणून सगळ्यांनी पेट्या धुंडाळल्या. आजीने जन्मात एकदाच, तेही पेन्शनच्या कागदांसाठी, स्टुडिओत जाऊन फोटो काढला होता. तो सापडला, पण तो पाहून पाच वर्षांच्या पणतूने विचारले, "ही कोण?"

फोटोतली बाई गोरीपान होती. कपाळावरचे गोंदण नव्हते, गालावरच्या सुरकुत्या नव्हत्या. फोटो काढताना स्टुडिओवाला म्हणाला होता, "मावशी, चेहरा जरा उजळ करून देतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत." आजी काही बोलली नव्हती.

असे अनुभव आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आहेत. कुणाचा चेहरा पिठासारखा पांढरा केला जातो, तर कुणाचा इतका काळा येतो की डोळे आणि दात तेवढे दिसावेत. दोन्ही वेळा दोष आपल्या रंगावर ढकलला जातो. खरा दोष असतो तो प्रकाशाचा आणि प्रकाश लावणाऱ्याच्या सवयीचा. म्हणून फोटोच्या प्रकाशाचे शास्त्र आपणही थोडे समजून घेतले पाहिजे.

माप कुणाचे?

रंगीत फोटोंच्या काळात, १९५० च्या दशकापासून, कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्या लॅबना एक नमुना कार्ड देत असे. त्यावर गोऱ्या स्त्रीचा फोटो असे. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची कांती बरोबर उतरली की यंत्र बरोबर लागले, असे समजले जाई. सावळ्या आणि काळ्या माणसांचे फोटोही त्याच मापाने निघत. काळ्या व आशियाई स्त्रियांचे चेहरे असलेले कार्ड निघायला १९९० चे दशक उजाडले. म्हणजे चूक आपल्या चेहऱ्यात नव्हती, मोजपट्टीत होती.

आता रोल गेले, डिजिटल कॅमेरे आले. पण सवय सुटली नाही. शिवाय स्वयंचलित कॅमेरा समोरचे सारे दृश्य मिळून मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून उजेड मोजतो. मागे पांढरा पडदा असला की त्याला उजेड जास्त वाटतो. तो उजेड कमी घेतो आणि पुढचा चेहरा काळवंडतो. पासपोर्टच्या फोटोत पडदा पांढराच लागतो, म्हणून ही गफलत तिथे हमखास होते.

छत्री कशासाठी असते?

भर दुपारी बारा वाजता उन्हात उभे राहा. डोळ्यांखाली, नाकाखाली काळ्याकुट्ट सावल्या पडतील. ढग आला की त्याच चेहऱ्यावरच्या सावल्या मऊ होतात. सूर्य तोच, पण आता उजेड अख्ख्या आभाळातून येतो. स्टुडिओतली सारी साधने याच एका नियमावर चालतात: उजेडाचा उगम जितका मोठा आणि जितका जवळ, तितकी सावली मऊ.

उघडा फ्लॅश हा लहानसा उगम. त्याचा उजेड पांढऱ्या छत्रीतून सोडला किंवा छत्रीवर आपटवून परत आणला, की तो पसरून मऊ होतो. चंदेरी छत्री जास्त उजेड देते, पण तो थोडा कडक असतो. छत्री स्वस्त आणि चटकन उघडणारी. दोष एवढाच की तिचा उजेड खोलीभर सांडतो. लहान खोलीच्या भिंती हिरव्या-निळ्या असतील, तर तो रंगही चेहऱ्यावर येतो.

सॉफ्टबॉक्स म्हणजे आतून चंदेरी, बाहेरून काळी पेटी. तिच्या तोंडाला पांढरे कापड असते. तिचा उजेड हवा तिकडेच जातो. ६० बाय ९० सेंटिमीटरची पेटी चेहऱ्यापासून साधारण एक मीटरवर ठेवावी. तीच तीन मीटरवर नेली तर चेहऱ्याच्या मानाने ती लहान होते आणि सावली पुन्हा कडक पडते. उजेडही झपाट्याने घटतो. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथा हिस्सा उरतो.

केसांवर किंवा खांद्यावर नेमका झोत टाकायला फ्लॅशपुढे नळकांडे किंवा मधाच्या पोळ्यासारखी जाळी लावतात. रिफ्लेक्टर सावलीच्या बाजूला धरतात. तो उजेड परतवून सावली हलकी करतो.

सावळ्या चेहऱ्याचा प्रकाश

सावळा चेहरा दिसला की पुष्कळ फोटोग्राफर समोरून फ्लॅश वाढवतात. त्याने कपाळावर आणि नाकावर पांढरे डाग पडतात आणि बाकी चेहरा सपाट होतो. सावळ्या कांतीवर चमक उठून दिसते. ही चमक दोष नाही, तिनेच गालाचा उंचवटा आणि हनुवटीची गोलाई कळते. फक्त ती पसरट आणि मऊ हवी.

त्यासाठी मोठी छत्री किंवा पेटी बाजूला, सुमारे ४५ अंशांवर, डोळ्यांपेक्षा थोडी उंच ठेवावी. दुसऱ्या बाजूला पांढरा रिफ्लेक्टर धरावा. काळे केस काळ्या पडद्यात बुडू नयेत म्हणून मागून केसांवर हलका झोत द्यावा किंवा पडदाच करडा घ्यावा. घाम रुमालाने टिपावा, पावडर थापू नये. चष्म्यात उजेड चमकत असेल तर दिवा थोडा वर किंवा आणखी बाजूला घ्यावा. शेवटी डोळ्यांत पाहावे: बुबुळात उजेडाचा ठिपका दिसला की डोळे जिवंत वाटतात.

घरच्या घरी

हे सारे साहित्य नसले तरी अडत नाही. ज्या खिडकीतून थेट ऊन येत नाही, ती खिडकी म्हणजे फुकटचा सॉफ्टबॉक्स. ऊन येत असेल तर पातळ पांढरी चादर बांधावी. माणसाला खिडकीपासून हातभर अंतरावर, थोडे तिरके बसवावे. दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्यावर पांढरा कागद चिकटवून धरावा. खोलीतला पिवळा बल्ब बंद करावा. मोबाइलवर चेहरा उजळवणारी सोय असते, तीही बंद करावी. मग पडद्यावर चेहऱ्याला बोट लावून उजेड कमी-जास्त करावा. एक सावधगिरी मात्र हवी: तापणाऱ्या हॅलोजन दिव्यावर कापड वा कागद कधीही लावू नये, आग लागते.

ज्या तरुणांना या धंद्यात यायचे आहे, त्यांनी महागड्या कॅमेऱ्याआधी उजेड शिकावा. एक फ्लॅश, एक स्टँड, एक पांढरी छत्री आणि एक रिफ्लेक्टर एवढ्यावर सुरुवात होते. आणि समोर बसलेल्या माणसाला "गोरे करून देतो" असे कधी म्हणू नये. स्टुडिओत गेल्यावर आपणही संकोच न करता सांगावे, "चेहरा आहे तसाच ठेवा, उजेड नीट लावा." पैसे आपण देतो, सांगण्याचा हक्क आपला आहे.

शेजारच्या घरात आता आजोबा आहेत. गेल्या महिन्यात नातीने त्यांना खिडकीशी बसवले, बाजूला चादर धरली आणि मोबाइलवर फोटो काढला. कपाळावरच्या आठ्या, पिकलेली दाढी, उन्हाने रापलेला रंग, सगळे जसेच्या तसे उतरले. तो छापून त्यांच्या हातात दिला, तेव्हा ते बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, "हा मीच."

आपल्या घरातली म्हातारी माणसे आहेत तोवर असा एक फोटो काढून ठेवा. उद्याच्या मुलांना "ही कोण?" असे विचारावे लागू नये.