अपरिचित सापाची ओळख : कृष्णा-कोयना परिसराच्या संदर्भात एक विवेचन

कराडला लागून असलेले मलकापूर पुणे-बेंगळुरू महामार्गावर वसले असले, तरी जवळच आगाशिवचा डोंगर, कोयनेचे पात्र आणि सभोवती उसाची शेती आहे. उसाच्या पाचटात उंदीर आणि उंदरांच्या मागे साप, हा क्रम येथे नित्याचा आहे. वस्तीत साप निघाला की पहिला प्रश्न ‘विषारी की बिनविषारी?’ हा असतो व त्याचे उत्तर बहुधा रंगावरून दिले जाते. प्रस्तुत लेखात रंग हा निकष का अपुरा पडतो आणि अपरिचित साप ओळखताना अभ्यासक नेमके काय पाहतात, याचा विचार केला आहे.

रंग वयानुसार व प्रदेशानुसार बदलतो. कात टाकण्यापूर्वी तो मंद होतो. रंगाच्या जोडीला काही ठोकताळेही रूढ आहेत. त्रिकोणी डोके आणि डोळ्यातील उभी बाहुली ही विषारीपणाची खूण मानली जाते. परंतु मांजऱ्या सापाचे डोके मानेपेक्षा स्पष्ट रुंद व बाहुली उभी असूनही त्याचे विष माणसास घातक नसते. याउलट मण्यारीचे डोके मानेपासून जेमतेम वेगळे दिसते आणि तिचे विष अत्यंत जहाल असते. हे ठोकताळे निरुपयोगी नव्हे, तर घातक आहेत असेच म्हणावे लागेल.

मण्यार आणि कवड्या यांतील गल्लत या दृष्टीने बोलकी आहे. दोन्ही साप निशाचर आहेत, दोन्ही घरात शिरतात आणि दोघांच्याही अंगावर पांढरट आडवे पट्टे असतात. मण्यारीचे पट्टे मानेकडे पुसट किंवा लुप्त होतात व शेपटीकडे ठळक असतात. कवड्याचे मानेकडे ठळक व शेपटीकडे अस्पष्ट होतात. तथापि निर्णायक पुरावा खवल्यांचा आहे. मण्यारीच्या पाठीच्या मध्यरेषेवरील खवले शेजारच्या खवल्यांपेक्षा मोठे व षट्कोनी असतात आणि शेपटीखालचे खवले अखंड असतात. कवड्याच्या मध्यरेषेवरील खवले मोठे नसतात व शेपटीखालचे दुभागलेले असतात. मण्यारीचा दंश अनेकदा जमिनीवर झोपलेल्या व्यक्तीस होतो आणि त्याच्या वेदनाही फारशा जाणवत नाहीत. त्यामुळे ‘कवड्याच होता’ असे म्हणून गमावलेला वेळ जिवावर बेतू शकतो.

घोणस आणि डुरक्या घोणस यांच्या बाबतीत आणखी एक अडचण उद्भवते. डोक्यावर बारीक खवले असणे हे घोणशीचे लक्षण सांगितले जाते. पण ते डुरक्यालाही लागू पडते. येथे पोटाकडे पाहावे लागते. घोणशीच्या पोटावरील आडवे खवले पोटाची जवळजवळ पूर्ण रुंदी व्यापतात, तर डुरक्याचे अरुंद असतात. शिवाय त्याची शेपटी आखूड व खरखरीत असते. एकच लक्षण कधीही पुरेसे नसते, ते असे. अर्थात ही तपासणी कात, मृत नमुना किंवा छायाचित्र यांवरच करावयाची आहे, जिवंत सापावर नव्हे. दंशानंतर साप मारून रुग्णालयात नेण्याचेही कारण नाही. भारतात उपलब्ध असलेली बहुगुणी प्रतिविषलस नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर दिली जाते आणि डॉक्टर उपचार ठरवतात ते मुख्यतः लक्षणांवरून.

कोणत्याही ज्ञात वर्णनाशी न जुळणारा साप समोर आला तर काय, याचे उदाहरण याच जिल्ह्यातील आहे. कोयना परिसरात २०१५ मध्ये तेजस ठाकरे यांना आढळलेल्या मांजऱ्या सापाचे वर्णन वरद गिरी व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ‘बोइगा ठाकरेयी’ या नावाने प्रसिद्ध केले. पश्चिम घाटातून या प्रजातीतील याआधीची नवी जाती १८९४ मध्ये वर्णिली गेली होती. हा साप ‘बोइगा सिलोनेन्सिस’ गटातील, म्हणजे एकमेकांशी अतिशय साम्य असलेल्या सापांपैकी आहे. झाडावर राहणारा, रात्री हिंडणारा हा साप ‘हुमायूनचा रातबेडूक’ या बेडकाची अंडी खातो, हेही त्याच अभ्यासातून पुढे आले.

असाच प्रकार खापरखवल्याच्या कुलातील एका काळ्या सापाचा. सह्याद्रीच्या उत्तर भागातील हा साप दक्षिणेकडील ‘मेलॅनोफिडियम पंक्टेटम’ म्हणूनच ओळखला जात होता. २०१६ मध्ये तो स्वतंत्र जाती ठरला व सर्पतज्ज्ञ नीलिमकुमार खैरे यांच्या सन्मानार्थ त्यास ‘मेलॅनोफिडियम खैरेई’ हे नाव मिळाले. साप तोच होता; परिचित नावाखाली तो झाकला गेला होता. ‘जात अनिश्चित’ अशी प्रामाणिक नोंद चुकीच्या नावापेक्षा अधिक मोलाची का, हे यावरून ध्यानात येते.

महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांत फॉर्मेलिनच्या बरण्यांतून जुने साप जपलेले असतात. त्यांचा रंग केव्हाच उडालेला असतो, खवले मात्र शाबूत असतात. बरणीवर सापडल्याचे गाव व दिनांक असेल तर तो नमुना आजही तपासता येतो; ‘कवड्या’ असे लिहिलेल्या बरणीतील सापाच्या शेपटीखालचे खवले पाहण्यास साधे भिंगही पुरते.