सिंगापूरच्या पाणबुड्या: गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘सिंगापूरला समुद्र आहे तरी केवढा? तिथे पाणबुडी बुडी मारणार कुठे?’ हा प्रश्न नेहमी ऐकू येतो आणि तो अर्धा बरोबर आहे. सिंगापूरची सामुद्रधुनी उथळ आहे, वर दिवसरात्र जहाजांची वर्दळ. तिथून पाणबुडी सहसा पृष्ठभागावरूनच जाते. तिचं खरं काम पुढे, दक्षिण चीन समुद्रात आणि त्यापलीकडे. या देशाचं बहुतेक अन्नधान्य आणि सगळं तेल बाहेरून येतं. त्या वाटेवर कोण वावरतंय हे कोणाला न दिसता पाहता यावं, एवढ्यासाठी पाणबुडी लागते. टॉर्पेडो सोडायची वेळ येऊ नये हीच तिच्याकडून अपेक्षा असते. उथळपणाचं म्हणाल, तर बाल्टिक समुद्राची सरासरी खोली ५५ मीटरच्या आसपास आहे आणि स्वीडनचं नौदल तिथे शंभराहून अधिक वर्षं पाणबुड्या चालवत आलं आहे. सिंगापूर पाणबुडी शिकायला स्वीडनकडे गेलं हे त्यामुळे योग्यच झालं.

इथे दुसरा गैरसमज येतो. १९९५मध्ये एक आणि १९९७मध्ये आणखी तीन, अशा जुन्या स्वीडिश पाणबुड्या सिंगापूरने घेतल्या. ‘दुसऱ्याचं भंगार’ अशी त्यांची संभावना होते. बोटी जुन्या होत्याच, साठच्या दशकाच्या अखेरीस बांधलेल्या. पण त्या घेतल्या शिकण्यासाठी. सिंगापूरच्या नौदलात तोवर पाणबुडी चालवलेला एकही माणूस नव्हता. पहिल्या तुकड्या स्वीडनमधल्या कार्ल्सक्रोनाला गेल्या, थंडीत राहिल्या, स्वीडिश प्रशिक्षकांच्या हाताखाली तयार झाल्या. बोटींनाही बदलावं लागलं. बाल्टिकचं पाणी गार आणि कमी खारट. सिंगापूरचं कोमट आणि जास्त खारट, म्हणजे जडही. जड पाणी बोटीला जास्त उचलून धरतं, त्यामुळे वजनाचं गणित नव्याने मांडावं लागतं. शंख-शिंपले आणि शेवाळ कोमट पाण्यात भराभर चिकटतात, नळ्या लवकर गंजतात, आत उकाडा असह्य होतो. म्हणून वातानुकूलन, न गंजणारे नळ आणि जलजीवांची वाढ रोखणारी यंत्रणा बसवली गेली. त्यांतली ‘कॉन्करर’ २०००मध्ये सेवेत आली आणि या ‘चॅलेंजर’ वर्गाच्या चारही बोटी २००४पर्यंत सिंगापुरात पोचल्या. पुढच्या ‘आर्चर’ आणि ‘स्वोर्ड्समन’ही स्वीडनच्याच, त्या २०११ आणि २०१३मध्ये सेवेत आल्या. सिंगापूरच्या गरजांप्रमाणे नव्याने घडवलेली पाणबुडी मागवली गेली ती थेट २०१३मध्ये, जर्मनीत. म्हणजे पहिल्या खरेदीनंतर अठरा वर्षांनी. माझ्या मते या साऱ्या कहाणीतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट हा धीर आहे.

‘पाणबुड्यांसाठी स्वतंत्र कमांड असणार’ हाही एक समज. प्रत्यक्षात त्या चालवते १७१ स्क्वाड्रन. ती नौदलाच्या ‘फ्लीट’ विभागात येते आणि तिचं घर चांगी नौदल तळावर आहे. चार-सहा बोटींसाठी वेगळा डोलारा उभा करण्यात अर्थ नाही. भारताचा पसारा मोठा, म्हणून आपल्याकडे मुंबईत ‘वज्रबाहू’ आणि विशाखापट्टणमला ‘वीरबाहू’ असे दोन तळ लागतात. आणखी एक बाब आपल्या वाचकाला चकवते. सिंगापूरच्या नौदलात हुद्दे लष्करासारखे आहेत, त्यामुळे मेजर किंवा लेफ्टनंट कर्नल हा दर्यावर्दी अधिकारी असू शकतो. बातमीत तसं आलं की ती चूक समजू नये.

‘अणुशक्ती नाही म्हणजे पाणबुडी जुनाट’ हे तर साफ चूक. साध्या डिझेल-इलेक्ट्रिक बोटीला बॅटरी भरण्यासाठी नळी पाण्याबाहेर काढून इंजिन चालवावं लागतं, आणि ती सापडते नेमकी तेव्हाच. ‘आर्चर’ वर्गात सोबत नेलेल्या द्रवरूप ऑक्सिजनवर चालणारं स्टर्लिंग इंजिन आहे. जर्मनीत मागवलेल्या नव्या ‘इन्व्हिन्सिबल’ वर्गात हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज करणारे फ्युएल सेल आहेत, त्यात धडधडणारं काहीच नाही. वेग कमी मिळतो, पण कित्येक दिवस वर यावं लागत नाही. ७० मीटर लांबीची ही बोट २८ जण चालवतात. जर्मनीत कील इथे बांधलेल्या ‘इन्व्हिन्सिबल’ आणि ‘इम्पेकेबल’ २४ सप्टेंबर २०२४ रोजी सेवेत आल्या. या वर्गाच्या मागवलेल्या चार बोटींवर हा विषय संपला असंही नाही, मार्च २०२५मध्ये आणखी दोन घेण्याचं जाहीर झालं. कीलच्याच गोदीतून १९८६मध्ये आपली ‘शिशुमार’ पाणबुडी आली होती आणि तिची बहीण ‘शाल्की’ माझगाव डॉकने मुंबईत बांधून १९९२मध्ये नौदलाला दिली.

या पाण्यात पाणबुड्या २०००नंतरच आल्या असंही समजू नये. ३१ जुलै १९४५ रोजी चार-चार माणसांच्या दोन ब्रिटिश बुटक्या पाणबुड्या जोहोरच्या सामुद्रधुनीत शिरल्या. त्यांपैकी ‘एक्सई-३’चं लक्ष्य होतं जपानी क्रूझर ‘ताकाओ’. ती बोट क्रूझरच्या पोटाखाली अशी अडकून बसली की तिच्यातला गोताखोर जेम्स मॅगेनिस याला झाकण पुरतं उघडेना. तो अंग चोरून बाहेर आला. क्रूझरच्या तळावर शिंपल्यांचा थर होता, चुंबकी सुरुंग धरेनात. श्वासाचं उपकरण गळत असताना अर्ध्या तासाच्या आसपास तो शिंपले खरवडत राहिला आणि एकेक सुरुंग बसवत गेला. त्याला आणि कप्तान इयन फ्रेझरला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आता सर्वांत महत्त्वाचं. पाणबुडी दल म्हणजे फक्त पाणबुड्या, हा समज धोक्याचा आहे. बोट बुडाली तर आतल्या माणसांना काढायचं कोणी? सिंगापूरकडे यासाठी ‘स्विफ्ट रेस्क्यू’ हे खास जहाज आहे. खाली उतरून अडकलेल्या बोटीच्या झाकणाला चिकटणारं बचावयान त्यावर असतं. २१ एप्रिल २०२१ रोजी इंडोनेशियाची पाणबुडी ‘नांग्गाला’ बालीच्या उत्तरेला ५३ जणांसह नाहीशी झाली. ‘स्विफ्ट रेस्क्यू’ तातडीने निघालं, भारतानेही विशाखापट्टणमहून आपलं बचावयान रवाना केलं. ‘स्विफ्ट रेस्क्यू’च्या दूरनियंत्रित यंत्राने ८३८ मीटर खोलीवर तीन तुकड्यांत पडलेल्या बोटीची छायाचित्रं आणली. वाचवण्यासारखं कोणी उरलं नव्हतं. पण त्या ५३ घरांना निदान निश्चित उत्तर मिळालं, आणि हे मोल मला कोणत्याही टॉर्पेडोपेक्षा मोठं वाटतं.

असं सहकार्य ऐन वेळी जमत नाही. सिंगापूर आणि इंडोनेशिया यांचा पाणबुडी बचावाचा करार २०१२चा. भारत आणि सिंगापूर यांनी तसाच करार केला तो जानेवारी २०२१मध्ये, ‘नांग्गाला’ बुडण्याच्या तीनच महिने आधी. दोन्ही नौदलं १९९४पासून दरवर्षी एकत्र सराव करत आली आहेत. २०१८च्या पंचविसाव्या सरावाला ‘स्वोर्ड्समन’सोबत ‘स्विफ्ट रेस्क्यू’ही आलं होतं.