आपला संघ नसलेला सामना

बर्फाशी आम्हां बडोदेकरांचा संबंध उन्हाळ्यापुरता. उसाच्या रसात टाकलेले चार खडे आणि लहानपणी शाळेच्या दाराशी मिळणारा लाल गोळा, यापलीकडे तो कधी गेला नाही. तेव्हा बर्फावरच्या हॉकीविषयी मी चार शब्द लिहावेत याचे वाचकांना नवल वाटेल. लिहिताना मलाही वाटते आहे. परंतु २०२४ च्या एप्रिलात अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, सेंट पॉल येथे मुलीकडे गेलो असता जे पाहिले ते अजून मनातून जात नाही. आणि खरे सांगायचे तर ते खेळापेक्षा खेळ पाहणाऱ्यांविषयी अधिक आहे.

मुलीच्या शेजारी पंचाहत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ राहतात. एका संध्याकाळी ते दारात आले आणि मला विचारते झाले, “तुम्हांला हॉकी आवडते का?” मी ध्यानचंदांचे नाव सांगून वेळ मारून नेली. त्यांना ते नाव ठाऊक नव्हते आणि त्यांनी घेतलेल्या नावांपैकी मला एकही. तरी त्यांनी खिशातून दोन तिकिटे काढली. विद्यापीठांच्या राष्ट्रीय बर्फ-हॉकी स्पर्धेची अखेरची फेरी त्या वर्षी सेंट पॉललाच होती. दुसरे तिकीट त्यांच्या वडील भावाचे. करोनाचा काळ सोडला तर तीस वर्षे दोघे भाऊ दर एप्रिलात, स्पर्धा असेल त्या गावी जात आले. या खेपेला थोरल्याचे गुडघे नाही म्हणाले. मुलगी म्हणाली, “बाबा, जाच तुम्ही. स्वेटर मात्र दोन घाला.”

खेळ समजायला फारसा कठीण नाही. दोनशे फूट लांब आणि पंचाऐंशी फूट रुंद असा बर्फाचा पट्टा, भोवती कठडा. एका बाजूला गोलरक्षक धरून सहा गडी, पायात धारदार पात्यांचे बूट. चेंडू नाही, त्याच्या जागी कडक रबराची चकती, तीन इंच रुंद आणि एक इंच जाड. ती उसळू नये म्हणून सामन्यापूर्वी गोठवून ठेवतात. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. गडी इतक्या वेगाने धावतात की मिनिटभरात दमतात आणि खेळ चालू असतानाच कठड्यावरून उड्या मारून बदलतात. पहिली दहा मिनिटे मला चकती दिसलीच नाही. शेजाऱ्यांनी युक्ती सांगितली : चकतीकडे पाहू नका, माणसांच्या माना कुठे वळतात ते पाहा.

स्पर्धेची कुळकथा थोडक्यात अशी. ती १९४८ साली कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे सुरू झाली. संघ अवघे चार. अंतिम सामन्यात मिशिगनने डार्टमथला ८-४ असे हरवले. पहिली दहा वर्षे स्पर्धा त्याच गावी, एका मोठ्या हॉटेलच्या बर्फगृहात भरत असे. पुढे ती गावोगाव फिरू लागली. आज सोळा संघ निवडले जातात आणि चार ठिकाणी त्यांच्या लढती होतात. एकदा हरला तो घरी गेला. दुसरी संधी नाही. उरलेले चार अखेरच्या फेरीत येतात. १९९९ पासून त्या फेरीला ‘फ्रोझन फोर’, म्हणजे गोठलेले चौघे, असे गमतीचे नाव मिळाले आहे. २०१० साली डेट्रॉइटच्या फुटबॉलच्या बंदिस्त मैदानात बर्फ घालून ती खेळवली, तेव्हा अंतिम सामन्याला ३७,५९२ माणसे लोटली होती. २०२३ साली तर ती फ्लोरिडातील टँपा येथे, ताडामाडांच्या गावी झाली. त्या वर्षी क्विनिपियाकने जादा वेळेच्या दहाव्या सेकंदाला गोल करून मिनेसोटाचा घास काढून घेतला. शेजारी म्हणाले, “माझा भाऊ पाणी आणायला उठला होता. तो परत येईपर्यंत वर्ष संपले.”

११ एप्रिलच्या गुरुवारी आम्ही सभागृहात शिरलो. चार संघ होते डेन्व्हर, बोस्टन युनिव्हर्सिटी, बोस्टन कॉलेज आणि मिशिगन. यजमान राज्याच्या मिनेसोटा विद्यापीठाला बोस्टन युनिव्हर्सिटीने आधीच्या फेरीतच घरी बसवले होते. म्हणजे गाववाल्यांचा संघ नाही. मला वाटले, निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहतील. पाहतो तो पाय ठेवायला जागा नाही! आणि मौज अशी की, अंगातले सदरे खेळणाऱ्या चार संघांचे थोडे आणि न खेळणाऱ्यांचेच पुष्कळ. मिनेसोटाचे, डुलूथचे, नॉर्थ डकोटाचे, विस्कॉन्सिनचे, कॉर्नेलचे. लग्न दुसऱ्याच्या घरचे, पण प्रत्येकजण आपल्या घरची ठेवणीतली पैठणी नेसून आलेला, तसा हा थाट.

याचे कारण शेजाऱ्यांनी सांगितले. तिकिटे पुष्कळ आधी घ्यावी लागतात. त्या वेळी कोणते चार संघ येणार हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नसते. आपला संघ येईल या आशेवर माणूस पैसे भरतो. बहुधा तो येत नाही. पण माणूस येतो. आपला सदरा घालून येतो, आणि वाटेत दुसऱ्या गावचा सदरा दिसला की थांबून त्याची विचारपूस करतो. त्यांच्या अंगातल्या निळ्या सदऱ्यावर ‘लेक सुपीरियर स्टेट’ अशी अक्षरे होती. तसाच दुसरा, भावाचा, त्यांनी माझ्यासाठी आणला होता. दोन स्वेटरांवर तो चढवताना माझी कोण तारांबळ उडाली!

लेक सुपीरियर स्टेट हे विद्यापीठ मिशिगन राज्याच्या अगदी उत्तरेला, कॅनडाच्या वेशीवर, सू सेंट मेरी या गावात आहे. सुपीरियर सरोवराचे पाणी तेथे एकवीस फूट खाली उतरते, आणि मोठाली जहाजे दरवाजांच्या कालव्यातून पायरी उतरावी तशी उतरवून पुढे सोडतात. गावाची वस्ती तेरा-चौदा हजारांची, विद्यापीठातले विद्यार्थी मोजके, इमारती एका जुन्या लष्करी ठाण्याच्या आवारात. हिवाळा इतका लांबतो की वसंताच्या पहिल्या दिवशी विद्यार्थी कागदाचा हिममानव करून जाळतात. हे ऐकून मी त्यांना आपली होळी सांगितली, तेव्हा त्यांनी माझा हात दाबला.

एवढ्याशा गावाने ही राष्ट्रीय स्पर्धा तीनदा जिंकली आहे : १९८८, १९९२ आणि १९९४. मधल्या १९९३ सालीही ते अंतिम सामन्यात होते. अखेरचा डाव सुरू होताना ४-२ असे पुढे होते. पण मेन विद्यापीठाच्या एकाच गड्याने पाच मिनिटांच्या आत तीन गोल केले आणि सामना ४-५ असा गेला. तीस वर्षे उलटली तरी हे सांगताना शेजाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटली. “आणि १९९४?” मी विचारले. ते काही वेळ बोलले नाहीत. मग पायाखालच्या जमिनीकडे बोट करून म्हणाले, “इथे.”

आज जिथे हे सभागृह आहे, तिथेच पूर्वी सेंट पॉलचे सिव्हिक सेंटर होते. पारदर्शक कठड्यांसाठी ते प्रसिद्ध होते. १९९८ साली ते पाडून त्या जागी नवे बांधले. १९९४ चा अंतिम सामना त्या जुन्या वास्तूत झाला. उपांत्य सामन्यात लेक सुपीरियरने हार्वर्डला जादा वेळेत ३-२ असे हरवले होते. अंतिम सामन्यात पुढे बोस्टन युनिव्हर्सिटी, म्हणजे विद्यार्थिसंख्येने कितीतरी पटींनी मोठे घर. लेक सुपीरियर जिंकले, आणि तेही ९-१ असे. दोघे भाऊ रात्रभर गाडी हाकत गावी परतले. त्यानंतर आजतागायत त्यांचा संघ अंतिम सामन्यात आलेला नाही.

हे ऐकता ऐकता मला आमचे अण्णाकाका आठवले. १९४७ साली रणजी करंडकाचा अंतिम सामना बडोद्यात झाला. समोर होळकरांचा संघ. चौथ्या गड्यासाठी विजय हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागी केली. हजाऱ्यांच्या २८८, गुल महंमदच्या ३१९. काका तेव्हा दहा वर्षांचे. पुढे कोणीही क्रिकेटविषयी काहीही बोलले की काका त्या ५७७ वर येत. बडोद्याने करंडक १९५७-५८ मध्ये जिंकला आणि त्यानंतर एकदम २०००-०१ मध्ये. मधली त्रेचाळीस वर्षे काका दर हिवाळ्यात वर्तमानपत्राचे शेवटचे पान आधी उघडत. आम्ही मुले हसत असू. “काका, बडोदा कधीच बाद झाले!” ते म्हणत, “बाद झाले म्हणून आपले नाही की काय?”

असो. पहिल्या सामन्यात डेन्व्हरने आधी एक गोल खाल्ला, मग बरोबरी केली आणि जादा वेळेत बोस्टन युनिव्हर्सिटीला २-१ असे हरवले. दुसऱ्यात बोस्टन कॉलेजने मिशिगनला ४-० असे लोळवले. विद्यार्थ्यांचे बँड आपापल्या कोपऱ्यातून तुताऱ्या-नगारे वाजवीत होते. गोल झाला की प्रतिपक्षाच्या गोलरक्षकाकडे बोटे रोखून शेकडो पोरे एका सुरात ओरडतात : “चाळण! चाळण!” म्हणजे याच्यातून सारे गळते. शिवी म्हणावी तर ही फारच सोज्वळ, मला आवडली.

दोन सामन्यांच्या मधल्या वेळात मी शेजाऱ्यांना एक प्रश्न केला. ही मुले चार वर्षांत शिक्षण संपवून जातात. मग तुम्ही प्रेम करता ते कोणावर? ते म्हणाले, “आता चार वर्षे तरी कुठली!” आणि त्यांनी समोरच्या बोस्टन युनिव्हर्सिटीच्या एका सतरा वर्षांच्या मुलाचे उदाहरण दिले. मॅक्लिन सेलेब्रिनी त्याचे नाव. दुसऱ्याच दिवशी त्याला वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचा होबी बेकर पुरस्कार मिळाला, इतक्या कमी वयात तो मिळवणारा पहिलाच. आणि उन्हाळ्यात तो धंदेवाईक हॉकीत निघूनही गेला. विद्यापीठात एकच हिवाळा. पण अशा हिऱ्यांचे त्यांना दुःख नव्हते. त्यांची बोच वेगळी होती. २०२१ पासून खेळाडूला एक विद्यापीठ सोडून दुसरीकडे जाता येते आणि तेथे लगेच खेळता येते. पूर्वी वर्षभर थांबावे लागे. त्याच वर्षापासून आपल्या नावावर पैसे मिळवण्याचीही मुभा झाली. मुलांचे त्यात भलेच आहे, हे ते मान्य करीत. “पण लहान गावाने दोन वर्षे खपून घडवलेला मुलगा तिसऱ्या वर्षी मोठे विद्यापीठ घेऊन जाते. आमच्यासारख्यांनी पुन्हा इथवर यायचे कसे?” याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

शनिवारी, १३ एप्रिलला अंतिम सामना. बोस्टन कॉलेज हे त्या वर्षीचे अव्वल मानांकित. देशात सर्वाधिक गोल करणारा गडी त्यांच्याकडे. डेन्व्हरने दुसऱ्या डावात दोन गोल केले आणि मग नुसते तग धरून राहिले. त्यांच्या गोलरक्षकाने पस्तीस फटके अडवले. तो चाळण नव्हता, भिंत होता. अखेर २-० . डेन्व्हरचे हे दहावे विजेतेपद.

मला मात्र त्यांच्या प्रशिक्षकाची हकीकत विसरवत नाही. डेव्हिड कार्ल हा २००८ साली डेन्व्हरकडून खेळायला येणार होता. इतक्यात वैद्यकीय तपासणीत हृदयाचा आजार निघाला आणि एक दिवसही न खेळता खेळ संपला. विद्यापीठाने त्याची शिष्यवृत्ती काढून घेतली नाही. तो विद्यार्थी म्हणून आला, संघाला मदत करू लागला, आणि २०१८ साली त्याच संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. २०२२ मध्ये विजेतेपद, २०२४ मध्ये पुन्हा. चषक वर उचलला गेला तेव्हा डेन्व्हरशी काडीचा संबंध नसलेले, पंधरा-वीस रंगांच्या सदऱ्यांतले ते सारे सभागृह उभे राहिले. आम्ही दोघे निळेही उभे राहिलो.

बाहेर येताच शेजाऱ्यांनी भावाला फोन लावला. भावाने सामना दूरदर्शनवर पाहिलाच होता; तरी एकेक गोल पुन्हा सांगून झाला. मग फोन माझ्या हाती आला. पलीकडून खोल आवाजात प्रश्न आला, “माझी जागा बरी होती का?” मी म्हटले, “फार चांगली. पण ती तुमची आहे. पुढच्या वर्षी तुम्हीच बसा.” ते हसले आणि म्हणाले, “सदरा मात्र ठेवा तुम्ही.”

पुढच्या वर्षी, म्हणजे एप्रिल २०२५ मध्ये, सेंट लुइस येथे वेस्टर्न मिशिगनने बोस्टन युनिव्हर्सिटीला ६-२ असे हरवून आपले पहिले विजेतेपद मिळवले. दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. “बाबा, शेजारच्या आजोबांचा निरोप आहे. म्हणतात, त्यांना सांग, आमच्याच राज्यातले विद्यापीठ. इतकी वर्षे थांबले आणि अखेर जिंकले. म्हणजे अजून होऊ शकते!”

तो निळा सदरा आमच्या कपाटात, काकांच्या जुन्या कात्रणांच्या पेटीवर घडी करून ठेवला आहे. बडोद्याच्या हवेत तो अंगात घालण्याची सोय नाही, डिसेंबरातही नाही. पण मार्च महिन्यात सोळा संघांची यादी लागली की लेक सुपीरियर तीत आहे की नाही, हे मी आधी पाहतो. नसले तरी पुढचे वाचतो.